मे महिन्यातलं मत

२८ सप्टेंबर, शनिवार
ग्रीनवॉल्ट, पेनसिल्व्हेनिया

युदेल्का,

सगळं बदललं ते काल सकाळी सव्वाअकराला, ओनेलिया मावशीच्या स्वयंपाकघरात. पहिल्याच ओळीत सांगून टाकतोय, कारण दुसऱ्या ओळीच्या पुढे तू वाचशील याची खात्री नाही.

फोनच करणार होतो. पण जूनपासून तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हा कागद तुमच्या दाराखालून सरकवायचा. तुझ्या वडिलांच्या हाती पडला तर त्यांनी इथेच थांबावं ही विनंती. पुढे सगळं राजकारण आहे, त्यांना त्याचा कंटाळा आहे.

तर ओनेलिया मावशी. तिच्या खिडकीत तुमच्या क्रेसलरसाहेबांचा बोर्ड आणि दारावर आमच्या स्टोल्ट्झबाईंचा. विधानसभेच्या या दोन्ही उमेदवारांना तिने कॉफी पाजली आणि दोघांनाही हो म्हणाली. नाही म्हणणं तिला जमतच नाही. आमच्या यादीत तिच्या नावापुढे 'नक्की' अशी खूण आहे, तुमच्याही असणार. मी फक्त विचारायला गेलो होतो, मतदानाच्या दिवशी गाडी पाठवू का.

"कसलं मतदान, पोरा? मी मेमध्येच केलं की."

"मावशी, ते तिकडचं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या राष्ट्राध्यक्षाचं."

"मग? मत ते मत. माझं नाव लागलंय यादीत. थांब, दाखवते."

बिस्किटांच्या डब्यातून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं तिकडचं ओळखपत्र काढलं. मग मेमधल्या त्या रविवारची सगळी गोष्ट सांगितली: शाळेच्या हॉलमध्ये रांग, निळा पोशाख, बोटाला शाई. आठवडाभर ती भांडी घासताना ते बोट वर धरत होती म्हणे.

तिला इथली नागरिक होऊन नऊ वर्षं झाली. शपथ घेतानाचा फोटो फ्रिजवर चिकटवलाय. मी तिथेच उभ्या उभ्या फोनवर इथली मतदार यादी उघडली. तिचं नाव नाही. कधीच नव्हतं.

मग मी अख्खी इमारत पालथी घातली. सगळी इथली नागरिक माणसं. आमच्या यादीप्रमाणे चौदा जण 'नक्की', त्यातले अकरा मतदार यादीत नाहीत. सगळ्यांचं उत्तर एकच: नाव लावलं की मागेच. खरं बोलतात बिचारे. आठव ना, मार्चमध्ये बेकरीबाहेर तिकडच्या पक्षांची माणसं टेबल टाकून बसली होती, नावं लावून घेत होती, टोप्या वाटत होती. आणि आम्ही शहाणे सप्टेंबरमध्ये जाऊन विचारतो, "नाव लावलंय का?" ती म्हणतात हो. आम्ही खूण करतो. तुम्हीही तेच करताय, पैज लावतो.

इथे नाव लावायची शेवटची तारीख एकवीस ऑक्टोबर. तेवीस दिवस उरलेत.

गेल्या वर्षी वर्गात प्राध्यापक म्हणाले होते, लॅटिनो मतदार झोपलेला आहे. मी म्हणालो, रात्रपाळी करून आलाय म्हणून झोपलाय, आणि दप्तर उचलून बाहेर पडलो. टाळ्या पडल्या. लोक समजतात मी त्या प्राध्यापकावर चिडून कॉलेज सोडलं. खरं ते नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तू वाजवल्या नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारी येऊन बसायची लाज वाटली, तिसऱ्या दिवशी राग आला, आणि मग परीक्षाच निघून गेली.

आणि जूनमध्ये, तुझ्या बहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात, सगळ्यांसमोर मी तुला 'क्रेसलरची बाहुली' म्हणालो. केक कापायच्या आधी. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. हे तू वाचलंस की सरळ क्रेसलरकडे जाशील, आणि तुम्ही आमच्या आधी दारोदार पोहोचाल. म्हणजे हे पत्र मी सरकवू शकत नाही. छान. खिशात ठेवतो.

विल्किन


८ ऑक्टोबर, मंगळवार

युदेल्का,

मागचं पत्र दहा दिवस खिशातच होतं. आता दोन्ही एकदम देतोय. या वेळेला एक गोष्ट लपवायची नाही असं ठरवून बसलोय, म्हणून तीच आधी.

ओनेलिया मावशीची गोष्ट मी ग्रँटला सांगितली. ग्रँट म्हणजे आमच्या प्रचाराचा मुख्य, वॉशिंग्टनहून आलेला. नवव्या रस्त्यावर मोठ्या टोप्यांचा मेक्सिकन बँड ज्याने आणला होता तोच. (तेव्हा फाउस्तोकाकाने सलूनच्या दारात येऊन विचारलं होतं, "हे कोणाच्या लग्नाचं वऱ्हाड चुकून इकडे आलं?" डॉमिनिकन वस्तीत मेक्सिकन बँड. आणि तुमचे साहेब? बचाटाची तीन पावलं शिकून दिसेल त्या बाईबरोबर नाचतात. ती पावलं त्यांना कोणी शिकवली हे मी विचारत नाही. विचारलं असं समज.)

ग्रँटने ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली. म्हणाला, "उत्तम. आपल्या बाजूच्यांची नावं लावून घे. ज्यांच्या खिडकीत क्रेसलर आहे, ती दारं सोड."

"ते पण यादीत नाहीत."

"मग झोपू दे की त्यांना."

मी भडकलो असेन, टेबल उलटं केलं असेन असं तुला वाटेल. नाही. मी बरं म्हणालो. तीच लपवलेली गोष्ट. तीन दिवस मी आमची दारं वाजवली आणि तुमची सोडली. मनात म्हणत होतो, युदेल्का हरू दे एकदा, मग कळेल.

तिसऱ्या दिवशी केस कापायला गेलो. फाउस्तोकाका पक्का तुमचा. मला खुर्चीत बसवून म्हणाला, "पोरा, तुझ्या बाईला मी एकटा पाडणार आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा मत देतोय इथे."

"नाव लावलंय, काका?"

"लावलं म्हणजे काय. मार्चमध्येच."

आरशात त्याचा चेहरा दिसत होता, आणि खाली माझाही. मी हसलो. "वा," म्हणालो. आणि उठून निघून आलो. तो नोव्हेंबरमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभा राहणार, आणि आत बसलेली बाई सगळ्यांसमोर त्याला सांगणार, तुमचं नाव नाही. हे मला दिसत होतं, आणि मी 'वा' म्हणालो.

काल सकाळी परत गेलो. त्याला वाटलं, दाढी करायची आहे. फेस लावला, वस्तरा मानेवर टेकवला, आणि तेव्हा मला धीर आला. म्हणालो, "काका, तुमचं नाव यादीत नाही. मार्चमधलं तिकडचं होतं. मला परवाच माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, कारण तुम्ही क्रेसलरला मत देणार."

वस्तरा थांबला. शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक उठून बसलं.

"कबुली द्यायला बरी जागा निवडलीस," काका म्हणाला. मग उरलेला अर्धा गाल पूर्ण केला, टॉवेल झटकला, म्हणाला, "अर्ज आण. आणि एक नको, गठ्ठा आण. हा जो बसलाय ना, याने पण मेमध्येच दिलंय."

गिऱ्हाईक म्हणालं, "म्हणजे माझं पण नाही?"

आम्ही सलूनमध्ये सतरा अर्ज भरले. त्यातले तेरा तुमचे.

सोबत दोन पानं जोडली आहेत. नवव्या रस्त्यापासून गोदामांच्या रस्त्यापर्यंत, जिथे जिथे क्रेसलरचा बोर्ड आहे आणि आत राहणाऱ्यांचं नाव यादीत नाही, ती सगळी घरं. दोनशे छत्तीस माणसं. ग्रँटला कळलं तर मला घरी बसवेल. तुला ही पानं फाडायची असतील तर फाड, पण आधी वाच.

विल्किन


१४ ऑक्टोबर, सोमवार

युदेल्का,

तू उत्तर लिहिलं नाहीस. पण गुरुवारी सकाळी साडेसातला बेकरीसमोर एक घडीचं टेबल उघडलं गेलं, त्यावर अर्जांचा गठ्ठा, मागे तू, डोक्यावर ती भयानक लाल टोपी. बेकरीच्या या बाजूला माझं टेबल, त्या बाजूला तुझं, मधे पाव घ्यायला आलेल्यांची रांग. मला बघून तू मान वळवलीस. मी एक अर्ज उलटा भरला.

मला वाटलं होतं, तू फक्त तुमची माणसं घेशील. आमच्या सांचेसकाकू चुकून तुझ्या टेबलाशी गेल्या, मी कान देऊन ऐकत होतो.

"मी स्टोल्ट्झबाईंना देणार हं, आधीच सांगते," काकू म्हणाल्या.

"चूक करताय," तू म्हणालीस, "पण आधी सही इथे करा. चूक करायला सुद्धा नाव लागतं."

मला इतका अभिमान वाटला की मी ते माझ्या टेबलावर तसंच्या तसं वापरलं. दिवसभरात नऊ वेळा.

दुपारी तुझी पेनं संपली. मी माझी अर्धी पेटी फाउस्तोकाकाच्या हातून पाठवली. काकाने ती टेबलावर ठेवली आणि मोठ्याने, दोन्ही टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एकाच रस्त्यावर राहता आणि मला टपाल खात्यात नोकरीला ठेवलंय."

ग्रँटला शुक्रवारी कळलं. माझी दोन पानं तुमच्याकडून फुटली नाहीत, ते मी जाणतो. मीच सांगितलं, कारण तो सगळ्यांसमोर म्हणाला की क्रेसलरच्या माणसांना ही कल्पना कोणीतरी विकली. विकली हा शब्द मला सहन झाला नाही. मग मात्र टेबल उलटं झालं. पत्रकं जिन्यापर्यंत गेली.

स्टोल्ट्झबाई आतल्या खोलीत होत्या. तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या त्या, आवाज कधी चढवत नाहीत. बाहेर आल्या, पत्रकांवरून चालत माझ्यापर्यंत आल्या.

"अजून किती नावं राहिलीत?"

"चारशेच्या आसपास. दोन्हीकडची धरून."

"आणि दिवस?"

"दहा."

"मग ओरडायला वेळ कुठून मिळतो तुम्हा दोघांना?" म्हणाल्या. बॅग खाली ठेवली आणि पत्रकं गोळा करायला लागल्या. ग्रँटलाही वाकावं लागलं.

शनिवारी त्या स्वतः माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. बँड नव्हता. ओनेलिया मावशीने घरून मांगू आणलं, कुस्करलेली केळी, वर कांदा आणि तळलेले सॉसेजचे काप. बाईंनी डबा पुसून खाल्ला. पलीकडे क्रेसलरसाहेबांनी ते बघितलं आणि लगेच आपल्यालाही मागवलं. तुझ्या टेबलाशी उभं राहून खात होते, आणि मावशी दोघांच्या मधे उभी राहून विचारत होती, "मीठ बरोबर आहे ना?" मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. तिच्या एका मतासाठी दोन उमेदवार एकच पदार्थ खात होते.

अजून दोनशे नव्वद राहिलेत. गोदामात बारा तासांची पाळी करणारे. ते आपल्या टेबलापर्यंत येतच नाहीत. आपणच काहीतरी करायला हवं. 'आपण' लिहून गेलो, खोडत नाही.

विल्किन


२१ ऑक्टोबर, सोमवार, दुपार

युदेल्का,

आज शेवटचा दिवस, आणि शेवटचे एकोणीस अर्ज मी आत्ता कचेरीत देऊन आलो. तुझेही गेले असतील. पण मला कालचं लिहून काढायचंय, नाहीतर म्हातारपणी मी ते वाढवून सांगेन.

रविवारी गाड्यांची मिरवणूक काढायची कल्पना माझी. अमेरिकन लोक रविवारी गवत कापतात. आपली माणसं निवडणुकीत गाड्या काढतात, हॉर्न वाजवतात, टपावर भोंगा लावतात, आणि मिरवणूक गेली की घरातला आजारीसुद्धा गॅलरीत येतो. तीस गाड्या जमवल्या. भोंग्यावर एकच वाक्य: मेमधलं मत तिकडचं होतं, इथे नाव लावा, उद्या शेवटचा दिवस. मला काय माहीत, तुला तीच कल्पना त्याच दिवशी सुचेल.

नवव्या रस्त्याच्या चौकात माझी पहिली गाडी आली आणि समोरून तुझा लाल पिकअप. तुझ्या मागे तीसेक, माझ्या मागे तीस. मागे जायला कोणालाच जागा नाही. सगळे हॉर्न एकदम. तू पिकअपच्या मागच्या भागात उभी होतीस, हातात माइक. जूननंतर तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य अख्ख्या ग्रीनवॉल्टने भोंग्यावर ऐकलं.

"विल्किन तेहेदा, गाडी मागे घे."

माझ्याकडेही भोंगा होता. "आधी मी आलो."

"तू कुठेही आधी येत नाहीस. मागे घे."

"तुझ्या साहेबांना सांग, नाचत नाचत मागे घ्या म्हणावं."

गॅलऱ्यांमधून हसू उसळलं. गोदामातून पाळी संपवून चालत आलेली माणसं तमाशा बघायला उभी राहिली. पिवळी जाकिटं, हातात डबे, पन्नास, साठ, मग मोजता येईनात. तुला आणि मला एकदमच ते दिसलं. आठवडाभर ज्यांना शोधत होतो ते सगळे आपलं भांडण बघायला चौकात.

तू माइक खाली केलास. माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. आणि तू त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "भांडण बघायचं असेल तर आधी अर्ज भरा. मग आम्ही पुढचं भांडतो."

फाउस्तोकाकाने सलूनमधल्या खुर्च्या रस्त्यावर आणल्या. गाड्यांच्या बॉनेटवर अर्ज भरले जात होते. कोणाचं टेबल कुठलं काही कळत नव्हतं. माझ्या निळ्या पेनाने तुझे अर्ज, तुझ्या पाटीवर माझे. मधेच काका ओरडला, "यांचं लग्न लावा रे आणि रस्ता मोकळा करा." तू त्याला पेन फेकून मारलंस. तू हसत होतीस. मी बघितलं.

पोलीस आला. चौक का अडवलाय विचारायला. त्याचं आडनाव पेन्या, म्हणजे आपल्यातलाच. तोही मेमध्येच देऊन आला होता. त्याचाही अर्ज भरला.

आजपर्यंतचे एकूण सहाशे एकोणीस, दोन्हीकडचे मिळून. मी तीनदा बेरीज केली.

विल्किन


६ नोव्हेंबर, बुधवार

युदेल्का,

हे प्रचार कार्यालयातून लिहितोय. सकाळचे दहा. फुगे अजून छताला आहेत. लोक येतात, मला मिठी मारतात, जातात. मला घाईने लिहायचंय.

काल दिवसभर तू शाळेच्या फाटकाच्या त्या बाजूला होतीस आणि मी या. रांग कपडे धुण्याच्या दुकानापर्यंत गेली होती. पाळीवर जाणारे पहाटेच आले, पाळीवरून सुटलेले दुपारी. ओनेलिया मावशी निळा पोशाख घालून आली, मत देऊन बाहेर आली, आणि बोट पुढे करून उभी राहिली. आतल्या बाईला कळेना. मावशी म्हणाली, "शाई?" त्या बाईने तिच्या बोटाला मतदानाचं स्टिकर चिकटवलं. मावशी ते बोट वर धरून घरी गेली, वाटेत प्रत्येकाला दाखवत.

फाउस्तोकाका इस्त्रीचा शर्ट घालून आत गेला. बाहेर आला तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या बाईच्या विरुद्ध दिलं." मग डोळे पुसायला रुमाल शोधत बसला. मी माझा दिला.

आणि दुपारी दोन वाजता तू फाटक ओलांडून आलीस. मी वाक्यं तयार ठेवली होती, जूनपासूनची.

"जेवलास का?" तू विचारलंस.

मी नाही म्हणालो. तू अर्धं सँडविच दिलंस आणि परत गेलीस. युदेल्का, ते सँडविच मी वीस मिनिटं खात होतो.

आकडे तुझ्याकडे असतीलच, तरी माझ्या हाताने लिहू दे. चार वर्षांपूर्वी आपल्या वॉर्डात चारशे दोन माणसांनी मत दिलं होतं. काल अकराशे अडुसष्ट. आमच्या बाईंना सहाशे नव्वद, तुमच्या साहेबांना चारशे अठ्ठ्याहत्तर. अख्ख्या मतदारसंघात बाई एकाहत्तर मतांनी जिंकल्या. म्हणजे त्यांना विधानसभेत आपल्या रस्त्याने पाठवलं. आणि हे क्रेसलरसाहेबांना बाईंच्या आधी कळलं. आज सकाळी आठ वाजता, हरलेला माणूस, ते सलूनमध्ये येऊन बसले आणि काकाला विचारलं, पुढच्या वेळी काय केलं तर मत वाढेल. काका म्हणाला, "नाचू नका. बाकी बसून बोलू." साडेआठला बाई बेकरीत आल्या. मावशीने त्यांना चाळीस मिनिटं सोडलं नाही: गोदामाच्या रस्त्याला बस, पाळी सुटायच्या वेळेला, रविवारीसुद्धा. बाई लिहून घेत होत्या. नवव्या रस्त्यावर निवडणूक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उमेदवार आलेला माझ्या आईला आठवत नाही, आणि ती तेवीस वर्षं इथे आहे.

आत्ता ग्रँट येऊन गेला. हॅरिसबर्गला, राज्याच्या राजधानीत, बाईंच्या कचेरीत मला जागा आहे म्हणाला. खुर्ची, पगार, नावाची पाटी. मी आईला सांगायला फोन हातात घेतला होता. तेव्हा तो म्हणाला, "एकच काम आहे. ते चारशे अठ्ठ्याहत्तर कोण कोण, ते तुला दारानिशी माहीत आहे. तेवढी यादी दे. पुढच्या वेळी ती दारं आपण वाजवणार नाही, आणि त्यांना कोणी उठवणारही नाही."

मी भडकलो नाही. मला स्वतःचंच नवल वाटलं.

"ती यादी नाही माझ्याकडे," मी म्हणालो.

"डोक्यात आहे तुझ्या."

"डोक्यात ती माणसं आहेत, ग्रँट. फाउस्तोकाका आहे."

"जागा जाईल, विल्किन. विचार करून दुपारपर्यंत सांग."

"आत्ताच सांगतो. नाही."

त्याला वाटतंय मी दुपारपर्यंत मऊ पडेन. तो खाली कॉफी आणायला गेलाय. बाईंना मी स्वतः गाठून हे सांगणार आहे, आणि काम द्यायचं असेल तर सगळ्या दारांचं द्या म्हणणार आहे. नाही दिलं तर मावशीच्या बसच्या मागे मी आणि तू लागू. हे मी तुला न विचारता ठरवलंय. आता विचारतो.

खाली हॉर्न वाजतोय. मघापासून वाजतोय, मला वाटलं कोणी विजयाचा वाजवतंय. खिडकीतून बघितलं. लाल पिकअप, रस्त्याच्या मधोमध, मागे चार गाड्या अडकल्यात, आणि पेन्या पोलीस तुला हात जोडून पुढे जा म्हणतोय. तू वर खिडकीकडे बघत्येस, आणि त्याच्याकडे बिलकूल लक्ष देत नाहीस.

हे पत्र दाराखालून सरकवायचं नाही. हातात देतो.

उभ्यानेच लिहितोय. जाकीट घातलं. निघालो, दार बाहेरून ओढून घेतो.

विल्किन